नदीकाठची खासगी जमीन दर पुरात खचत आहे. नगरपालिकेकडे नेमके काय मागावे?

काठावरचा

नमस्कार. कृष्णाकाठच्या एका शहरात आमची सव्वादोन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. पूर्वी ती शेजारच्या गावात मोडत असे. हद्दवाढ झाल्यापासून ती नगरपालिकेत आली आहे. वरच्या अंगाला ऊस असतो आणि नदीच्या बाजूला मळी, म्हणजे काठची गाळाची जमीन, आहे. या मळीवर आजोबा वांगी आणि भुईमूग घेत असत. २००५ च्या महापुराच्या वेळी मळीतले उंबराचे झाड काठापासून साठ पावले आत होते. २०१९ च्या पुरानंतर ते काठावर आले आणि गेल्या पावसाळ्यात त्याची निम्मी मुळे उघडी पडून हवेत लोंबू लागली. आमच्या अंदाजाने एकूण बारा गुंठे जमीन नदीत गेली असावी. सातबारावर मात्र क्षेत्र पूर्वीइतकेच आहे.

यंदा दिवाळीत काठापासून चार फूट आत, काठाला समांतर अशी एक भेग दिसली. तिच्यात माझा हात कोपरापर्यंत जातो. याशिवाय आमच्या बांधाला लागून नगरपालिकेच्या पावसाळी गटाराचा ह्यूम पाईप नदीकडे जातो. त्याचे तोंड पात्रापासून दहा-बारा फूट उंचावर उघडेच सोडलेले असल्यामुळे मोठा पाऊस झाला की तेथून पाणी धबधब्यासारखे पडते आणि खाली घळ वाढत जाते.

नगरपालिकेत अर्ज दिला, तेव्हा खासगी जमिनीवर सार्वजनिक निधी खर्च करता येत नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात गेलो, तर शहराच्या हद्दीतले काम शहरानेच करावे, असे सांगण्यात आले. एका ठेकेदाराने दहा फूट उंचीची काँक्रीटची भिंत सुचवली आहे, परंतु तिचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. आमच्या वळणावर असे तेवीस खातेदार आहेत. अशा परिस्थितीत कायद्याच्या चौकटीत राहून शहर आम्हाला काय मदत करू शकते आणि कर्ज काढून स्वतःपुरती भिंत बांधणे कितपत शहाणपणाचे ठरेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त उपअभियंता

आपण भेगेचे वर्णन केले आहे, त्यावरूनच सुरुवात करतो, कारण तेथे तातडी आहे. काठाला समांतर भेग पडली याचा अर्थ तेवढा मातीचा ठोकळा मूळ जमिनीपासून सुटलेला आहे. त्याच्यावर उभे राहू नका, गुरे बांधू नका, आणि भेगेत पावसाचे पाणी शिरणार नाही अशा बेताने ती चिकणमातीने बुजवून वरच्या बाजूने उथळ चर काढा, म्हणजे शेतातले पाणी भेगेकडे न जाता बाजूला वळेल. हा उपाय तात्पुरता आहे, पण त्याला पैसे लागत नाहीत.

आता कारण पाहू. काठ पूर चढताना क्वचितच पडतो, तो पूर उतरताना पडतो, हे नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुरात काठ कित्येक दिवस बुडून राहतो आणि माती आतपर्यंत भिजते. नदी भराभर उतरू लागली की बाहेरून काठाला टेकून असलेला पाण्याचा आधार निघून जातो. आतले पाणी मात्र तितक्या वेगाने निचरत नाही. जड झालेली माती आणि आतून बाहेर रेटणारे पाणी यांच्यापुढे उभा काठ टिकत नाही. त्यातच आपली जमीन वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर प्रवाह काठाचा पायथा सतत खरवडत राहतो, म्हणजे वरचा ठोकळा खालून पोखरला जातो. वरून दिसते ती पडझड, पण रोग पायथ्याशी असतो.

म्हणूनच ठेकेदाराची भिंत मला पसंत नाही. तिचा पाया खरवडीच्या खोलीखाली गेलेला नसेल, तर नदी तिच्या खालची माती काढून नेईल. भिंतीत निचऱ्याची भोके आणि मागे खडीचा थर नसेल, तर पूर उतरताना मागे अडकलेले पाणीच तिला नदीत ढकलेल. मी नोकरीत असताना अशी पडलेली एक भिंत पाहिली आहे. ती मोडली नव्हती, अखंड आडवी झाली होती. काठाला उतार देणे, पायथ्याशी मोठ्या दगडांचा सैल थर पसरणे, जेणेकरून खड्डा पडला की दगड आपोआप त्यात घसरून बसतील, आणि त्यावर जाळीबंद दगडांची म्हणजे गॅबियनची रचना करणे, हा तुलनेने सोसणारा मार्ग आहे. गॅबियन थोडे वाकते, पाणी झिरपू देते आणि एकदम कोसळत नाही. दगडाखाली जिओटेक्स्टाईलचे, म्हणजे माती अडवून पाणी झिरपू देणारे, कापड किंवा बारीक-जाड खडीचा थर हवाच. अनेक ठिकाणी पैसे वाचवण्यासाठी तो गाळतात. मग दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि दोन पावसाळ्यांत पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, पोकळ होते. अशा कामांच्या आखणीसाठी आयएस १४२६२ हे भारतीय मानक आहे. ठेकेदाराला त्याचे नाव सांगून पाहा. त्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ कळेल.

राहिला प्रश्न शहराचा. माझ्या मते आपण मागणी चुकीच्या टोकाकडून केलीत. “आमचा काठ बांधून द्या” असे म्हटले की खासगी जमिनीचा मुद्दा येतो. त्याऐवजी “आपल्या गटाराचे तोंड दुरुस्त करा” असे म्हणा. ते गटार नगरपालिकेची मालमत्ता आहे, त्यात येणारे पाणी शहरातल्या रस्त्यांचे आणि गच्च्यांचे आहे, आणि वरच्या भागात जितके काँक्रीट वाढले तितका त्या पाण्याचा लोंढा वाढला आहे. पाईप उन्हाळी पातळीपर्यंत खाली नेणे किंवा पायऱ्यांचा उतार करून शेवटी पाण्याचा जोर मोडणारा दगडी हौद बांधणे हे काम नगर अभियंत्याच्या रोजच्या कामातले आहे. त्याला खासगी जमिनीचा नियम आड येत नाही.

त्यानंतरची मागणी संपूर्ण वळणाच्या एकत्रित आराखड्याची करावी. नदी गटनंबर ओळखत नाही. तेवीस खातेदारांनी तेवीस तऱ्हेच्या भिंती बांधल्या, तर दोन भिंतींमधल्या प्रत्येक सांध्यात नदी शिरेल. शहराने एकच सर्वेक्षण, एकच संकल्पचित्र आणि जलसंपदा विभागाची एकच परवानगी मिळवून दिली, तरी खातेदारांचा निम्मा भार हलका होतो. पात्रातील कामाला ती परवानगी लागतेच आणि एकेकट्या शेतकऱ्याला ती मिळवणे किती कठीण आहे, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहे. वळण फार अवघड असेल, तर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडे प्रतिकृतीवर अभ्यास करून घेता येतो, पण तो प्रस्ताव संस्थेकडूनच जावा लागतो, व्यक्तीकडून नव्हे.

सातबारा

वरील तांत्रिक भागाशी सहमत आहे. मी कागदपत्रांची बाजू मांडतो, कारण तिच्यावाचून पुढचे काहीच हलणार नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्यांची पात्रे राज्य शासनाच्या मालकीची आहेत. त्यामुळे काठ आपला, पात्र शासनाचे आणि गटार नगरपालिकेचे, अशी तीन मालकांची सरहद्द आपल्या उंबराखाली एकत्र येते. आपल्याला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवले गेले, त्याचे मूळ यात आहे. त्याच संहितेच्या कलम ६६ मध्ये प्रवाहाने जमीन वाहून गेल्यास आकारणी कमी करून मागण्याचा हक्क दिलेला आहे, परंतु वाहून गेलेला भाग अर्ध्या एकराहून कमी नसावा, अशी अट आहे. आपले बारा गुंठे तिच्यात बसत नाहीत. आणि बसले असते तरी शेतसाऱ्याची रक्कम इतकी किरकोळ आहे की तेवढ्यासाठी कोणी तहसीलच्या पायऱ्या झिजवणार नाही.

नुकसानभरपाईचे गणितही पाहून घ्या. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती मदत निकषांत जमीन वाहून गेल्यास अल्प व अत्यल्पभूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये ठरवलेले होते, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपयेसुद्धा पडत नव्हते. शिवाय हे निकष दरड कोसळणे किंवा नदीने प्रवाह बदलणे अशा मोठ्या घटना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. दर वर्षी दोन-दोन फूट जाणारी जमीन त्यांत बसवणे अवघड जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने अतिवृष्टीनंतर खरडून गेलेल्या जमिनीसाठी याच रकमेबरोबर रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतच्या कामांची घोषणा केली. मात्र केंद्राचा रोजगार हमीचा कायदा मुळात ग्रामीण भागासाठी आहे, त्यामुळे हद्दवाढीत आलेली आपल्यासारखी शेतजमीन अशा वेळी दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये पडते. घरपट्टी शहराची आणि पीक शेतीचे, अशी ही अवस्था आहे. माझ्या मते शहराने खातेदारांसाठी करण्याजोगे पहिले काम म्हणजे ठराव करून ही फट जिल्हाधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणून देणे.

आता आपण स्वतः काय करावे? भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या आणि तिच्यावर काठाची आजची रेषा नोंदवून ठेवा. पुराच्या प्रत्येक वर्षी पंचनामा करून घ्या, त्यात वाहून गेलेल्या क्षेत्राचा आकडा लिहिलेला आहे की नाही हे सही करण्यापूर्वी वाचा, आणि उंबर चौकटीत येईल असे एकाच जागेवरून फोटो काढत राहा. नगरपालिकेत अर्ज तोंडी विचारून परत येऊ नका. आवक क्रमांक घ्या. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही.

आणखी एक मार्ग आहे, पण तो विकास आराखड्यावर अवलंबून आहे. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. नदी आणि ही रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तेथे बांधकाम होत नाही, बाग किंवा मैदान यांसारखे मोकळे वापर चालतात. जेथे हा पट्टा आराखड्यात उद्यान किंवा हरितपट्टा म्हणून आरक्षित आहे, तेथे प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ खाली जमीन शहराच्या ताब्यात देऊन मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवर जादा बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा हक्क, मागता येतो. टीडीआरला लहान शहरात गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, हे खरे. परंतु जी जमीन आणखी दहा वर्षांनी नदीतच जाणार आहे, तिच्या बदल्यात काहीतरी हाती पडते आणि काठाची जबाबदारी शहराकडे जाते. मागणी करताना संपूर्ण जमीन न देता काठालगतचा पट्टाच देण्याचा विचार करावा.

पैलतीर

मी खालच्या अंगाला, समोरच्या काठावरचा शेतकरी आहे. आपल्या दुःखाची मला जाणीव आहे, कारण तेच मी भोगले आहे. पण एक कडवट अनुभव सांगतो. आमच्या वरच्या बाजूला एका मंगल कार्यालयाने वाहनतळासाठी काठावर भराव टाकला आणि पुढे उंच भिंत बांधली. पुढच्याच पुरात पाणी त्या भिंतीवरून घसरत येऊन तिच्या टोकाला वळले आणि आमच्या शेजाऱ्याच्या मळीत घुसले. एका रात्रीत नऊ गुंठे आणि मोटारीची खोली गेली. भिंत अजून उभी आहे.

तेव्हा शहराने मदत करावी, अवश्य करावी, पण शहराची अर्धी मदत नकार देण्यात आहे, हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. भराव घालणाऱ्याला नकार द्यावा. विटभट्टीसाठी रात्री मळीची माती उचलणाऱ्या ट्रॅक्टरना नकार द्यावा. घरे पाडल्यावरचा राडारोडा काठावर ओतणाऱ्यांना नकार द्यावा. त्याने काठ भक्कम होतो, असा लोकांचा समज आहे, प्रत्यक्षात सुट्या विटांचे ओझे ठिसूळ काठाच्या डोक्यावर बसते. त्यासाठी बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम आहेत. ते राबवायला नवीन निधी लागत नाही.

आणि आम्ही शेतकरीही धुतल्या तांदळासारखे नाही. मोटारीने नदीचे पाणी ओढणारे सक्शनचे पाईप टाकण्यासाठी प्रत्येकाने काठ उभा कापून स्वतंत्र चर काढलेली आहे. आमच्या बाजूला अर्ध्या किलोमीटरमध्ये मी अशा एकोणीस चरी मोजल्या. पावसात प्रत्येक चरीची ओघळ होते आणि ओघळीची घळ. म्हशी पाण्यावर नेण्याच्या वाटांचेही तेच. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक दगडी उतार आणि एकच चर ठेवली, तर काठाच्या जखमा कितीतरी कमी होतील. आपल्या तेवीस खातेदारांच्या अर्जात समोरच्या काठावर काय परिणाम होईल तेही तपासावे, एवढी ओळ घातलीत तर आम्ही आपल्या बाजूने सही करू.

बो नदीकाठी

मूळचा वाईचा, सध्या कॅनडात कॅलगरी येथे राहतो. जून २०१३ मध्ये येथे बो आणि एल्बो या दोन्ही नद्यांना मोठा पूर आला आणि काठ जागोजागी तुटले. त्यानंतर काही ठिकाणी दगडाबरोबर जिवंत झाडांचा वापर करून काठ सावरले गेले: विलोच्या ओल्या काड्या काठात खोचतात, त्यांना मुळे फुटतात आणि मुळांचे जाळे माती धरून ठेवते. येथेही पात्र सरकारचे असते आणि काठावर काही करायचे तर प्रांतिक सरकारची परवानगी लागते, त्यामुळे सातबाराकाकांनी वर्णन केलेली तीन दारांची कथा मला ओळखीची वाटली.

लिहिण्याचे कारण इतकेच की विलोचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे. त्याला वाळुंज म्हणतात आणि तो सह्याद्रीतल्या ओढ्यानाल्यांच्या काठी आपोआप वाढतो. त्याच्याही काड्या लागतात. शहराच्या रोपवाटिकेत गुलमोहराऐवजी वाळुंज, करंज, जांभूळ आणि वाळ्याचे ठोंब तयार करून काठाच्या खातेदारांना फुकट वाटले, तर त्याला कितीसा खर्च येणार?

निवृत्त उपअभियंता

वाळुंजाची सूचना उत्तम आहे, पण एक खुलासा करतो, नाहीतर कोणी केवळ काड्या खोचून मोकळे होतील. झाडाची मुळे जेथपर्यंत पोहोचतात तेथपर्यंतच माती धरतात. आपल्याकडे मळीचा काठ वीस-पंचवीस फूट उंच असतो आणि खरवड त्याच्या तळाशी होते. म्हणून पायथ्याला दगड, मधल्या उतारावर वाळा आणि वाळुंज, वरच्या कडेला करंज-जांभूळ, अशी विभागणी ठेवावी. उभ्या काठावर कडेलाच मोठे झाड लावू नये. वाऱ्याने हलताना ते स्वतःबरोबर मातीचा गड्डा घेऊन जाते. आपल्या उंबराचे तेच होण्याची भीती आहे. त्याच्या फांद्या हलक्या करून घ्या, पण तोडू नका, आणि फांद्या छाटण्यापूर्वीही नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांना विचारा.

पैलतीर यांचे म्हणणे योग्य आहे. कोणत्याही काठसंरक्षणाचे टोक नीट आत वळवून जमिनीत मुरवावे लागते, अन्यथा त्यांनी पाहिले तसेच घडते. एकत्रित आराखड्याचा आग्रह मी धरतो, त्यामागे हेच कारण आहे.

काठावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या रविवारी उंबराखाली आम्ही तेवीसपैकी सतरा खातेदार जमलो. दोघे पुण्याला असतात, त्यांनी फोनवर संमती दिली. चौघांचे आपसांत बांधावरून वाद असल्यामुळे ते आले नाहीत. त्यांना समजावण्याचे काम माझ्या आईने अंगावर घेतले आहे आणि तिच्या पद्धतीवर माझा विश्वास आहे.

ठरले ते असे. पहिला अर्ज केवळ गटाराच्या तोंडाचा असेल, फोटो आणि मोजमापे जोडलेला. दुसरा अर्ज संयुक्त असेल आणि त्यात संपूर्ण वळणाचे सर्वेक्षण, एकत्रित आराखडा, परवानगीसाठी नगरपालिकेचा प्रस्ताव आणि समोरच्या काठावरील परिणामाची तपासणी, एवढ्याच गोष्टी मागितलेल्या असतील. पैशाचा उल्लेख त्यात नाही. आराखडा मंजूर झाल्यास काठालगतचा पट्टा कामासाठी खुला करून देण्याची लेखी संमती आम्ही सोबत जोडणार आहोत. मोटारींच्या चरींबद्दल पैलतीर यांनी लिहिलेले वाचून आम्ही आमच्याही मोजल्या, त्या अकरा भरल्या. त्या अकरा चरींच्या तीन करण्यावर बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला.

एक शंका उरते. सर्वेक्षण कोणत्या महिन्यात करून घ्यावे?

निवृत्त उपअभियंता

दोनदा. एकदा मेच्या अखेरीस, जेव्हा पाणी सर्वांत खाली असते आणि पायथा उघडा दिसतो, आणि पुन्हा दिवाळीनंतर. दोन्ही वेळा त्याच खुणांपासून मोजा. त्यासाठी काठापासून किमान शंभर फूट आत, दर पन्नास मीटरवर सिमेंटचे खांब आत्ताच पुरून त्यांवर क्रमांक रंगवा. खांब काठाजवळ पुरलेत, तर पुढच्या वर्षी मोजायला खांबच राहणार नाहीत.